एक घास, एक पाऊल मागे

फुएन्सांता काकडी कापायला बसली की धीट माणसंही तिच्यापासून हातभर लांब उभी राहायची. मांडीवर फळी, फळीवर काकडी आणि हातात बोकड सोलायची सुरी. सुरी खाली यायची ती कुणाचा तरी सूड उगवल्यासारखी, पण पडणारी प्रत्येक फोड हरभऱ्याच्या दाण्याएवढी, ना उणी ना अधिक. टोमॅटोही तसेच चिरायचे, कांदा तसाच, ढोबळी मिरचीही तशीच. कोर्दोबाच्या मैदानात जुलैच्या उन्हात गहू कापणाऱ्या बावीस माणसांचं दुपारचं जेवण म्हणजे तिची ही कोशिंबीर.

आधी लाकडी काठवटीत लसूण, मीठ आणि शिळा पाव बत्त्यानं कुटायचा. तेलाची बारीक धार सोडत सोडत त्याचं लोणी करायचं. मग आंबट शिरका, मग विहिरीचं गार पाणी, आणि शेवटी वर या फोडी. गास्पाचो म्हणतात त्याला. हल्ली शहरातली मंडळी हेच बर्फ घालून काचेच्या पेल्यातून पितात आणि पोटाला किती हलकं म्हणून कौतुक करतात. असणारच हलकं. सकाळपासून ज्यानं काडी उचलली नाही त्याला सगळंच हलकं. आमच्याकडे ते हलकं ठेवायचं कारण वेगळं होतं. त्या उन्हात पोटात गरम रस्सा घालून जो विळ्याकडे परत गेला तो एक तर ओकायचा नाहीतर आडवा व्हायचा. फुएन्सांताच्या डोळ्यांदेखत दोन माणसं उन्हानं मेली होती. त्यातलं एक तर स्वतःच कापलेल्या पेंढीत तोंड खुपसून.

काठवट एकच असायची. ताट नाही, वाटी नाही. बावीस माणसं तिच्याभोवती रिंगण करून उभी राहायची, हातात आपापला लाकडी चमचा. मुकादम पहिला घास घ्यायचा आणि एक पाऊल मागे सरायचा, मग त्याच्या उजव्या हाताचा पुढे यायचा. एक घास, एक पाऊल मागे. पाळी फिरून येईपर्यंत चमचा काठवटीत घालायचा नाही. जो मागे सरत नाही तो दुसऱ्याच्या तोंडातला घास काढतो, आणि त्याला आमच्याकडे चोर म्हणत नसत, कारण चोराला निदान लाज असते. टोळीच्या मागून गळलेल्या ओंब्यांचा सरवा वेचत येणाऱ्या पोरांनाही त्यातला थेंब द्यायचा नाही असा दंडक होता. एकाच्या पोराला दिलं की वीसजणांची पोरं चमचे घेऊन उभी राहणार, आणि मग कापणाऱ्यानं काय, हवा खायची? असं करताना जो सापडला त्याला टोळीतून हाकलत, बायकोसकट.

याच काठवटीवर अकरा वर्षांपूर्वी फुएन्सांताचा नवरा क्रिस्पिन मेला होता.

युद्ध संपून उपासमार सुरू झाली तेव्हाची गोष्ट. मळ्याचा कारभारी हात आखडून पाव द्यायचा, तेल तर नावाला. काठवटीत पाणीच फार आणि त्यात फोडी पोहत असायच्या, शोधाव्या लागायच्या. फुएन्सांता तेव्हा हाताला येईल तशा लहानमोठ्या फोडी कापायची, आणि ढवळल्याचं निमित्त करून मोठ्या मोठ्या क्रिस्पिनच्या बाजूला सरकवायची. कोणती बायको सरकवणार नाही? पण क्रिस्पिनच्या डाव्या हाताला एलादिओ उभा राहायचा, त्याच्या जोडीनं कापणारा, सणावाराला घरी येऊन तिला वहिनी म्हणणारा. भुकेल्या माणसाचे डोळे फार तीक्ष्ण असतात. तीन दिवस तो बघत राहिला.

चौथ्या दिवशी क्रिस्पिननं घास घेतला, मागे सरला, आणि पाळी नसताना पुन्हा पुढे येऊन चमचा भरला. एलादिओनं त्याचं मनगट धरलं. बायको तुलाच वाढतेय तेवढ्यानं भागत नाही का, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. क्रिस्पिन हसला आणि एलादिओच्या आईबद्दल एक वाक्य बोलला, जे मी इथं लिहिणार नाही. विळे तेव्हा जेवतानाही कमरेलाच असत. एलादिओचा विळा मान आणि खांदा यांच्या मधे शिरला आणि हाडात अडकला. त्यानं छातीवर पाय देऊन तो ओढून काढला. क्रिस्पिन काठवटीवर पालथा पडला. फुएन्सांताला रक्त तितकंसं आठवत नाही, टोमॅटो होतेच त्यात. त्याची चमचा धरलेली मूठ उघडायला दोन माणसं लागली, तेवढं आठवतं.

गावानं निकाल दिला की क्रिस्पिन हावरट होता. हावरटासाठी कुणी फार दिवस रडत नाही. फुएन्सांताला वाटायचं, हाव त्याला आपण लावली. हे तिनं पाद्र्यालाही कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिच्या सगळ्या फोडी एकसारख्या झाल्या, आणि त्या दिवसापासून मुकादमानं जेवणाआधी सगळे विळे झाडाच्या फांदीला टांगून घ्यायला सुरुवात केली.

एलादिओ तुरुंग भोगून सुटला तो ऐन कापणीच्या तोंडावर. बाकी एकाही टोळीनं त्याला उभं केलं नाही. वेंतुरा मुकादमानं केलं, कारण गहू वाळून दाणे गळायला लागले होते आणि त्याची चार माणसं तापानं पडली होती. त्याच टोळीत फुएन्सांताचा एकुलता एक मुलगा दामियान होता. एकोणीस वर्षांचा, बापासारखा रुंद, आणि विळ्याला असा जलद की त्याच्या पुढे कापणारा मागे वळून वळून बघायचा.

एलादिओ आल्याच्या दिवसापासून दामियाननं बोलणं टाकलं. विळा लागू नये म्हणून डाव्या हाताच्या बोटांना वेताच्या नळ्या बांधायचा, वाकायचा, आणि गव्हावर तुटून पडायचा. आधी एक साप त्याच्या वाटेत आला तर त्याचे त्यानं सात तुकडे केले, एका घावानं काम झालं असतं तरी. मग एका खेचरानं पाय उगारला म्हणून त्याला दांडक्यानं इतकं मारलं की दोघांना मिळून दामियानला धरावं लागलं. रविवारी गुत्त्यात गावातले रिकामटेकडे त्याच्याभोवती जमायचे. एकानं विचारलं, "बापाचा विळा सशांना गवत कापायला ठेवलायस काय रे?" दामियाननं त्याचे दोन दात पाडले. पण दात पाडून प्रश्न थोडाच मिटतो? पुढच्या रविवारी दुसऱ्यानं विचारला.

फुएन्सांताला सगळं दिसत होतं. नवरा गेला तेव्हा तिनं ऊर बडवला नव्हता, पण आता तिला रोज एकच दिसायचं: पोराच्या हातून त्या माणसाचा मुडदा पडलाय आणि पोराला बेड्या घालून नेतायत. एलादिओनं अकरा वर्षांत बाहेर यावं एवढी माया न्यायाधीशानं त्याच्यावर केली होती, कारण भांडण आयत्या वेळचं होतं. पोरानं मुद्दाम, ठरवून मारलं असतं तर त्याचा गळा लोखंडी पट्ट्यात आवळून त्याला संपवलं असतं. नवरा गेला तो गेलाच, पण पोर जायला नको होतं. तिला बाकी काही नको होतं.

ती आधी वेंतुराकडे गेली. या माणसाला काढा, काका, मी पाया पडते, म्हणाली. वेंतुरा वाईट नव्हता. त्यानं सांगितलं की एलादिओ दोघांचं कापतो, आणि गारपीट आली तर कारभारी टोळीलाच उलटी टांगेल. वर आणखी सांगितलं की त्याला काढलं तर पोरगा दुसऱ्या टोळीपर्यंत त्याच्या मागे जाईल, इथं निदान माझी नजर आहे.

मग ती एलादिओकडेच गेली. तो विहिरीवर तोंड धूत होता. केस पार पांढरे झालेले, पाठीला बाक आलेला. अकरा वर्षं ज्या माणसाला मनात रोज नव्या तऱ्हेनं मारलं तो असा समोर आला की हात कुठं ठेवावेत ते कळत नाही.

"इथून जा तू," ती म्हणाली. "आजच्या आज जा."

"कुठं जाऊ, बाई?" पूर्वीचं वहिनी त्याच्या तोंडून गळलं होतं. "म्हातारी आंधळी झालीय माझी. तिला दुसरं कुणी नाही. मला कुणी कामाला उभं करत नाही. तुमच्या पोरापायी मी एकाच्या जागी तीन पावलं मागे सरतोय, दिसतं ना तुम्हाला? आणखी किती सरू?"

दिसत होतं तिला. रोज दुपारी एलादिओ आपला घास उचलून तीन पावलं मागे जायचा, पार उन्हात, आणि मान खाली घालून चावायचा. दामियान समोरून त्याच्या जबड्याकडे बघत राहायचा.

मग आफ्रिकेकडचा तापलेला वारा सुटला. तो वारा आला की आमच्याकडे कुत्री विहिरीत उड्या टाकतात आणि भाऊ भावाला मारतो. सकाळी एकानं स्वतःचं करंगळीचं टोक कापून घेतलं आणि चिंधी बांधून पुढं कापत राहिला. दोघं पाण्याच्या घड्यावरून एकमेकांच्या नरड्याला लागले, वेंतुरानं दोघांना लाथा घालून सोडवलं. दुपार झाली तेव्हा बावीस माणसांचे डोळे लाल झालेले होते आणि कुणाच्या तोंडाला थुंकी उरली नव्हती.

फुएन्सांतानं काठवट ओकाच्या झाडाच्या सावलीत दगडावर मांडली, तीनदा ढवळली. एका खेपेत बावीसजणांचं भागत नसे, म्हणून ती शेजारीच बसून दुसऱ्या खेपेचा लसूण-पाव लहान उखळीत कुटू लागली. विळे फांदीला टांगले गेले. वेंतुरानं पहिला घास घेतला, मागे सरला. दामियान पुढे आला. त्यानं घास घेतला आणि तिथंच उभा राहून चावला. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

बत्त्याचा आवाज थांबला.

"दामियान, मागे," वेंतुरा म्हणाला.

"माझ्या बापाचे चार घास राहिलेत इथं," दामियान म्हणाला. "ते घेतोय." आणि त्यानं चमचा काठवटीत बुडवून समोर एलादिओकडे बघितलं. "ये ना. धर माझं मनगट."

एलादिओनं आपला चमचा जमिनीवर ठेवला. "पोट भरेपर्यंत खा, पोरा," तो म्हणाला. "मी थांबतो."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नरमाईच दामियानला झोंबली. त्यानं चमचा फेकला, कमरेच्या शेल्यातून सुरी काढली, तिचं पातं खटकन उघडलं, आणि काठवटीवरून पलीकडे झेपावायला सुरी धरलेली मूठ तिच्या काठावर टेकली.

फुएन्सांता बसल्या जागेवरून कशी उठली ते कुणी पाहिलं नाही. बत्ता हातात होताच, ओकाच्या गाठीचा, हातभर लांबीचा. तो तिनं दोन्ही हातांनी वर नेला आणि पोराच्या मुठीवर आणला. सुरी कोशिंबिरीत पडली. दामियान आईकडे बघतच राहिला, त्याला अजून दुखायलाही लागलं नव्हतं. तेव्हा तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट काठावर दाबून धरलं आणि दुसऱ्यांदा बत्ता हाणला. बदाम फुटतो तसा आवाज झाला. पहिला घाव सुरी पाडण्यासाठी होता. दुसरा तिनं समजूनउमजून घातला. कापणी संपेपर्यंत त्या हातात काहीही धरता येऊ नये, म्हणून घातला.

दामियान गुडघ्यांवर कोसळला आणि जनावरासारखा ओरडला. काठवट कलंडली, पाणी आणि फोडी धुळीत गेल्या. फुएन्सांता तशीच बत्ता उगारून वळली आणि एलादिओसमोर जाऊन उभी राहिली. तो हलला नाही. त्यानं फक्त डोळे मिटून घेतले. ती श्वास टाकत उभी होती, आणि वीस माणसं बघत होती, आणि कुणाची पुढं व्हायची छाती झाली नाही. शेवटी म्हाताऱ्या वेंतुरानं मागून येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली आणि बत्ता काढून घेतला.

त्यानंच नंतर तबेल्याच्या सावलीत दामियानचा हात शिरक्यानं धुतला, बोरूच्या कांबी लावल्या आणि पेंढ्या बांधायच्या दोरीनं आवळला. बोटं कशी बसतील ते देवाला माहीत, म्हणाला, पण विळ्याची आशा सोडा. मग तो माणसांना कामाला लावायला निघून गेला, आणि आई आणि मुलगा दोघंच राहिले. माश्या रक्तावर बसत होत्या, ती हातानं वारत होती.

"त्याला का नाही मारलंस?" दामियाननं विचारलं. "मारायचं तर त्याला मारायचं होतंस. माझा हात मोडलास, त्याच्यासाठी."

"त्याच्यासाठी? बत्ता उचलला तेव्हा तो कुणाच्या अंगावर पडणार ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. तुझी सुरी आधी दिसली, म्हणून तो वाचला." मग तिनं अकरा वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगितलं. मोठ्या फोडी ती कशा सरकवायची, एलादिओला ते कसं दिसलं, आणि दुसऱ्या घासाची चटक क्रिस्पिनला कुणी लावली. "तुझा बाप हावरट नव्हता रे. मी त्याला तसा केला. मारायचंच असेल तर आधी मला मार."

दामियान हसला.

"बाबांनी तो दुसरा घास स्वतःसाठी नव्हता घेतला," तो म्हणाला. "काकडी मी मागितली होती, आई. मी सरवा वेचत होतो, झाडाच्या मागे. भूक लागलीय म्हणालो. बाबा म्हणाले, गप बस, कुणाला दिसू नकोस, आणतो. मी झाडामागे तोंड उघडून उभा होतो."

फुएन्सांता माश्या वारायची थांबली.

"सांगितलं असतं त्यांनी, पोरासाठी घेतोय म्हणून, तर आपल्याला टोळीतून काढलं असतं. म्हणून एलादिओला आईवरून बोलले. वाचवलं त्यांनी मला, आणि गाव अकरा वर्षं त्यांना हावरट म्हणतंय, आणि मी ऐकून घेतोय. एलादिओला मारलं असतं ना, तर सगळं त्याच्या डोक्यावर राहिलं असतं. माझ्या नाही."

"आठ वर्षांचा होतास तू," ती कशीबशी म्हणाली. तिनं त्याचं डोकं ओढून छातीशी धरलं, एवढं घट्ट की त्याचा श्वास कोंडला. मग एकदम तिचा संताप उसळून आला. कुठून एवढा आला कोण जाणे. ती उठली आणि स्कर्ट झटकला. "जाते आणि सांगते त्याला. आत्ता, सगळ्यांसमोर. काय कापलं त्यानं त्या दिवशी, ते कळू दे मेल्याला. पोराच्या तोंडातला घास."

दामियाननं चांगल्या हातानं तिच्या स्कर्टचा काठ धरला.

"नको."

"का नको? त्याची दया येते तुला?"

"ते कळल्यावर माणूस कसा जगतो ते मला ठाऊक आहे," दामियान म्हणाला. "त्याला नको ते."

ती परत त्याच्याशेजारी बसली. बाहेर विळ्यांचा करकर आवाज पुन्हा सुरू झाला होता, आणि त्यात एलादिओचाही विळा होता.

कापणी आणखी अठरा दिवस चालली. दामियानची तीन बोटं वाकडीच बसली. पुढं त्यानं खेचरांचं काम धरलं, गुत्त्याची वाट सोडली, आणि त्याच्या हातून कधी कुणाचं रक्त सांडलं नाही. लोक म्हणाले, आईनं हात मोडला म्हणून सुधारला. म्हणू दे.

त्या अठरा दिवसांत रोज दुपारी एलादिओ तिच्यासमोर यायचा, घास घ्यायचा, तीन पावलं मागे जायचा आणि म्हणायचा, "देव तुमचं भलं करो, बाई." त्याला जमिनीवर लोळवायला तिला आता विळा लागणार नव्हता की बत्ता लागणार नव्हता. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते रोज तिच्या दातांपर्यंत यायचं. अठरा दिवस तिनं ते गिळलं, आणि त्याला म्हणाली, "जेव."